लाख कोटी ओहमचा टेकू

केतकी बोरस्तेला त्या सकाळी पहिल्यांदा भीती वाटली ती उत्तर फार लवकर आलं म्हणून.

एरवी तिला आनंदच झाला असता. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत ती इलेक्ट्रॉनिक सर्किटं गणितात मांडून चालवून बघायची. चिप अजून जन्मालाही आलेली नसते आणि केतकी तिला संगणकावर उन्हात, थंडीत, मरतुकड्या विजेवर पळवून तिचं पुढचं सगळं आयुष्य सांगते, म्हणून ऑफिसात तिला ज्योतिषीणबाई म्हणत. ज्योतिषीणबाईंचं भविष्य सहसा चुकत नसे. सरकारनंही हल्ली या भविष्यावर भरवसा ठेवायला सुरुवात केली होती. शरीरात बसवायच्या चिपांच्या चाचण्या वर्षानुवर्षं घेत बसलं की वाट बघणारे रोगी तोवर मरून जातात. म्हणून गणितात उत्तीर्ण झालेली चिप सरळ माणसात बसवायला परवानगी मिळू लागली होती.

मरुत ही तशी पहिली चिप. मान मोडल्यामुळे ज्यांच्या छातीखालच्या पडद्यापर्यंत मेंदूचा निरोप पोचत नाही, त्यांना ती श्वास घ्यायला लावते. गळ्याखालच्या आडव्या हाडापाशी, कातडीच्या आत ती बसते, अंगाच्या उबेतूनच वीज काढते आणि श्वासाच्या नसेला दर थोड्या वेळानं हलकासा धक्का देते. देशभरात चारशेच्या वर माणसं मरुतवर जगत होती. त्यांतला एक केतकीचा सख्खा भाऊ, जयदीप. मान्यतेच्या कागदांवर सही मात्र केतकीची.

आणि आता दोन माणसं गेली होती. एक शिमल्याकडची कॉलेजातली मुलगी, दुसरे गोंदियाचे निवृत्त मास्तर. दोघंही थंडीच्या लाटेत, पहाटे झोपेत. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. कंपनीचे मुख्य अभियंते इनामदार यांनी केतकीला सांगितलं की थंडीतलं गणित पुन्हा एकदा चालव, म्हणजे आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा राहणार नाही. तिनं चालवलं. हातातला चहा निवायच्या आत उत्तर आलं की मरुत निर्दोष आहे. एवढं किचकट सर्किट इतकं गुमान कसं वागतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला भीती वाटली.

ती का वाटली हे समजायला थोडं गणित लागतं, फार नाही. सर्किटातल्या प्रत्येक सांध्यापाशी जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर पडायला हवा, हा नियम बारावीला भौतिकशास्त्र घेतलेल्या कुणालाही आठवेल. दोन-चार सांधे असले तर कागदावर उत्तर निघतं. चिपमध्ये ते लाखांनी असतात आणि प्रत्येकाचं समीकरण शेजारच्यावर अवलंबून. त्यातून ट्रान्झिस्टर म्हणजे मोठा लहरी प्राणी, विजेचा दाब जरासा वाढला की त्यातला प्रवाह एकदम उसळतो. तेव्हा संगणक सरळ हिशेब मांडत नाही. तो अंदाज करतो, चूक किती पडली ते बघतो, तेवढ्यापुरता अंदाज सुधारतो, पुन्हा बघतो. चूक नगण्य झाली की त्याला उत्तर म्हणायचं.

कधीकधी हा अंदाज झोके घेत राहतो आणि कुठेच स्थिरावत नाही. मग या धंद्यातले लोक एक युक्ती करतात. प्रत्येक सांध्यापासून जमिनीपर्यंत एक प्रचंड रोध जोडून देतात, लाख कोटी ओहमचा. त्यातून प्रवाह जातो तो नावापुरता, पण कुठलाच सांधा अधांतरी राहत नाही आणि गणित मुकाट्यानं बसतं. केतकीच्या ऑफिसात त्याला टेकू म्हणत. टेकू खऱ्या चिपमध्ये नसतो, तो फक्त गणितात असतो. पण तो इतका क्षुल्लक की काढायच्या भानगडीत कुणी पडत नसे, आणि नवा प्रकल्प उघडला की टेकू आपोआप लागलेलेच असत.

पूर्वीच्या चिपांना ते चालून गेलं, कारण त्यांच्यात प्रवाह कालव्यासारखा वाहायचा. कालव्याला कुठे बारीकशी चीर पडली तर कोण बघतं? पण मरुत अंगाच्या उबेवर जगणारी, तिचा प्रवाह ठिबकच्या थेंबाएवढा. ठिबकला तेवढीच चीर पडली तर झाड वाळतं. गणितातली मरुत लाखो टेकूंवर रेलून उभी होती आणि खरी मरुत माणसांच्या अंगात बिनटेकूची चालली होती, हे केतकीला आता कळलं.

तिनं टेकू काढले आणि थंडीतलं गणित पुन्हा लावलं. या वेळी संगणकानं बराच वेळ घेतला आणि दोन उत्तरं दिली. सुरुवातीचा अंदाज एका बाजूनं धरला तर मरुत श्वास चालवत होती. दुसऱ्या बाजूनं धरला तर गप्प होती. दोन्ही उत्तरांत प्रत्येक सांध्याचा हिशेब चोख जुळत होता. गणिताच्या दृष्टीनं दोन्ही बरोबर होती.

कारण शोधायला तिला वेळ लागला नाही. मरुतच्या एका कोपऱ्यात एक कान आहे. रोगी स्वतःहून श्वास घ्यायला लागला तर त्याच्या आड येऊ नये म्हणून तो ऐकत असतो. प्रत्येक धक्क्याचा थोडा विद्युतभार त्या कोपऱ्यात उरतो आणि तो पुढच्या धक्क्याआधी झिरपून जायला हवा. गणितात तो टेकूतून झिरपत होता. खऱ्या चिपमध्ये तो सिलिकॉनमधूनच झिरपतो, आणि सिलिकॉन गार झालं की ती गळती आटते, दर दहा अंशांना निम्मी होते. अंगात ऊब असेपर्यंत ठीक. कातडी गार पडली की भार साचत जातो, शेवटी मरुतला वाटतं की हा माणूस आपला आपण श्वास घेतोय, आता आपलं काम नाही. आणि ती गप्प बसते. प्रत्यक्ष चिपची जी एकुलती एक चाचणी झाली होती ती सदतीस अंशांवर, कारण माणसाचं तापमान तेवढंच असतं असं सगळ्यांनी धरलं होतं.

जयदीप निफाडला होता. थंडीत सगळ्या महाराष्ट्राच्या बातम्या ज्या गावाच्या पाऱ्यानं सुरू होतात, त्या निफाडला.

तिनं वहिनीला फोन लावला. मनीषावहिनीनं उचलला नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नाही. अखेर वहिनीचा आवाज आला, मागे माणसांचा गलका होता. रात्री पारा फार उतरला होता, द्राक्षांच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या आणि हे पहाटेपासून चाकाच्या खुर्चीत बांधावर बसलेत, कुणाचं ऐकतात का, अशी तक्रार वहिनीनं सुरू केली. केतकीनं तिला मध्येच तोडलं.

"वहिनी, दादाला आत्ताच्या आत्ता घरात घ्या. गळ्याखाली गरम पाण्याची पिशवी ठेवा, चिपच्या जागी. मी निघालेच."

"काय झालं, ताई?"

"आल्यावर सांगते. पिशवी काढू नका."

ओझरपर्यंत ती गाडी कशी चालवत होती ते तिला पुढे कधी आठवलं नाही. ट्रॅक्टरवरून पडून दादाची मान मोडली, त्यानंतरचे दिवस मात्र स्पष्ट आठवत होते. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, नळीला व्हेंटिलेटर, आणि त्या यंत्राच्या दोरीला बांधलेला माणूस. बोलणं नाही, बाहेर जाणं नाही. मरुत आली तेव्हा मनीषावहिनीचा विरोध होता. आहे ते यंत्र धडधडतं, निदान चालू असल्याचं ऐकू तरी येतं, असं तिचं म्हणणं. केतकीनं तिची समजूत घातली होती. मी स्वतः बघितलंय वहिनी, मी सही केलीये. त्या सहीवर दादा पुन्हा बागेत गेला होता, गड्यांवर ओरडायला लागला होता, जेवताना नावं ठेवायला लागला होता.

तो घरात खाटेवर सापडला, उशीला टेकून, गळ्याखाली गरम पिशवी, चेहरा वैतागलेला. छाती वर होत होती, खाली होत होती. केतकी दारातच बसली आणि रडली. मग तिनं दोघांना सगळं सांगितलं, टेकूसकट.

वहिनीनं आवाज चढवला नाही. "ताई, तुमची सही होती म्हणून मी हो म्हटलं होतं," एवढंच म्हणाली आणि पिशवीतलं पाणी बदलायला आत गेली. केतकीला शिव्या परवडल्या असत्या.

इनामदारांना तिनं वाटेतूनच सगळं कळवलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. घाबरट होते, आणि घाबरट माणसं फार कामसू असतात. दुपारपर्यंत त्यांनी दुरुस्ती तयार करून घेतली होती. कानाचा उंबरा वर न्यायचा, म्हणजे थोडाफार भार साचला तरी मरुत फसणार नाही. रोग्याच्या घरच्या यंत्रावरून हा बदल हवेतून पाठवता येतो. चिप क्षणभर बंद होईल आणि नव्यानं सुरू होईल. गणितात पास झाली आहे, तू हो म्हण, लगेच चारशे घरी पाठवतो, रात्रीच्या थंडीआधी.

केतकीनं विचारलं की टेकू काढून पास झाली का. इनामदार म्हणाले, टेकू काढले तर दोन उत्तरं येतात हे तूच सांगितलंस, मग पास कशाला म्हणायचं? ती म्हणाली, सगळ्यांना दवाखान्यात बोलवा, हातानं दाबून श्वास द्यायची अँबू बॅग घेतलेला माणूस शेजारी उभा करा, मगच बदल करा. ते म्हणाले, चारशे लोकांना आज बोलावणं म्हणजे आज रात्री चारशे घरांत आक्रोश. लोक घाबरून चिपा काढायला लावतील, त्यात किती मरतील याचं गणित कर. दोघांचंही खरं होतं आणि बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

जयदीप दोन्ही बाजू ऐकत होता. फोन स्पीकरवर होता.

"मंग माझ्यावर करून बघा की," तो म्हणाला. "माणूस शेजारी पाहिजे ना? मला तर दोन-दोन बाया आहेत."

वहिनीनं साफ नाही म्हटलं. नवरा काय उंदीर आहे का, असं ती नवऱ्यालाच विचारत होती. जयदीप तिला समजावत राहिला. शिमल्याच्या पोरीला कुणी विचारलं नाही, मला निदान विचारतायत. मी नाही म्हटलं तर केतकीनं कुणाच्या दारात जायचं? शेवटी वहिनीनं एकच अट घातली, की बॅग दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही.

निफाडच्या दवाखान्यातल्या डॉक्टर काझी जयदीपला अपघातापासून ओळखत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, केतकीकडे एकदा नीट पाहिलं आणि खोली मोकळी करून दिली. जयदीपच्या गळ्यात अजून तशीच ठेवलेल्या नळीचं बूच काढून तिथे अँबू बॅग जोडली. वहिनी ती दोन्ही हातांत धरून उभी राहिली. जुना व्हेंटिलेटर कोपऱ्यातून ओढून आणून ठेवला. इनामदारांशी ठरलं होतं की इथला निकाल केतकी कळवेल आणि मगच बाकीच्यांना बदल जाईल. फोन चालू ठेवून तिनं खिडकीत ठेवला.

घरून आणलेल्या यंत्रावरून केतकीनं बदल पाठवला. मरुत बंद झाली.

दादाची छाती थांबली. ती थांबलेली छाती बघताना केतकीला वाटलं की आपण धावत जाऊन काहीतरी करावं, पण करण्यासारखं काही नव्हतं. जयदीपचे डोळे उघडे होते आणि तो तिच्याकडेच पाहत होता. वहिनीच्या बोटांनी बॅग आवळली. डॉक्टर काझींनी हात वर करून तिला थांबवलं, जरा थांब म्हणून. मग छाती उचलली गेली. आपली आपण. खाली आली, पुन्हा उचलली गेली.

"श्वास आला, सर," केतकी फोनच्या दिशेनं म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

वहिनी भिंतीला टेकली. डॉक्टर काझींनी केतकीच्या पाठीवर हात ठेवला. सगळ्यांनाच वाटत होतं की झालं. पण केतकीला ठाऊक होतं की ऊब असताना मरुत पूर्वीही चालतच होती, प्रश्न थंडीचा होता. गणितानं ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं तो आता माणसाला विचारायला हवा होता. तिनं बर्फ मागितला.

फडक्यात गुंडाळलेला बर्फ तिनं स्वतः दादाच्या गळ्याखालच्या हाडावर धरला. कातडी आधी लाल झाली, मग फिकी. ती मनातल्या मनात देवाला सांगत होती की मी चुकीची ठरू दे, माझी नोकरी जाऊ दे, माझी अक्कल काढू दे सगळ्यांना. छाती वर होत होती, खाली होत होती. वर होत होती. खाली आली आणि तिथेच राहिली.

तिनं बर्फ फेकून दिला. वहिनीनं बॅग दाबायला सुरुवात केली, घट्ट ओठ मिटून, नियमित. डॉक्टर काझींनी गरम पट्ट्या लावल्या. कातडीचा रंग परत आला, हात लावला तर गरम लागली. मरुत बोलली नाही. आणखी ऊब दिली, आणखी थांबले. मरुत बोलली नाही. उंबरा वर नेल्यानं दोन उत्तरांमधला बांधच उंच झाला होता. जुनी मरुत ऊब मिळाली की एका उत्तरातून दुसऱ्यात परत आली असती. आता एकदा गप्प झाली की परतीची वाट नव्हती. दुरुस्तीनं दुखणं पक्कं केलं होतं.

दादाचा आवाज, त्याची बाग, त्याची खुर्ची, सगळं आपण आपल्या हातानं काढून घेतलं, एवढंच केतकीच्या डोक्यात घुमत होतं. पण ते एकट्या दादाचं गेलं होतं आणि दादा जिवंत होता. तिनं खिडकीतला फोन उचलला.

"सर, थंडीत थांबला. नवा बदल घातक आहे. कुणालाही पाठवू नका."



"केतकी," इनामदार म्हणाले, "तू श्वास आला म्हणालीस ना."

त्यांच्या ऑफिसातली कामाची रीतच तशी होती. मोठं गणित लावायचं तर आधी त्याचा पहिला बिंदू सोडवायचा. तो एकानं सुटल्याचं सांगितलं की दुसरा मागचं सगळं गणित सोडून द्यायचा, थांबायचा नाही, कारण पहिला बिंदू सुटला की पुढचं सुटतं असा सगळ्यांचा अनुभव. वर्षानुवर्षं केतकीनं सांगितलं होतं आणि इनामदारांनी कळ दाबली होती. आजही तिनं सांगितलं होतं. तिनं बर्फ मागवला तेव्हाच चारशे घरांतल्या मरुत बंद होऊन पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि सगळ्या उबेत असल्यामुळे मजेत चालल्या होत्या. कुणाला कळलंही नव्हतं.

इनामदार पलीकडे रडत होते. जुना प्रोग्राम परत पाठवा, असं ती म्हणाली. तो पाठवायचा तर पुन्हा बंद करून सुरू करायचं, आणि ती कुठल्या उत्तरात जागी होईल हे कोण सांगणार, असं ते म्हणाले. तीही सांगू शकत नव्हती. माणसांना उबेत ठेवणं आणि एकेकाला दवाखान्यात आणणं एवढंच हातात होतं. त्यांनी तिच्या फोनवर सगळ्यांचे नंबर पाठवले. अर्धे तू, अर्धे मी, म्हणाले.

केतकी मात्र खाटेपाशीच उभी होती, दादाकडे बघत. वहिनी बॅग दाबत होती आणि डॉक्टर व्हेंटिलेटरची नळी जोडायच्या तयारीत होत्या. वहिनीनं दाबलेली थोडी हवा दादाच्या गळ्यातून वर येत होती, आणि नळी जोडायच्या आधी त्याला त्या हवेवर बोलायचं होतं. ओठ हलले. वहिनीनं ते पाहिलं आणि बॅग जरा जोरात दाबली. एका दाबाला दोन शब्द, एवढीच हवा मिळत होती.

"माझ्याकडं नको... बघू. फोन... लाव."

ती व्हरांड्यात आली. दिवस कलला होता, द्राक्षबागांवरून वारा सुटला होता आणि आवारातली माणसं मफलर गुंडाळायला लागली होती. पहिला नंबर कुणा बाईंचा होता, हिमाचलातल्या कुठल्याशा गावचा. घंटी वाजत राहिली. फोन उचलला तो एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. केतकीनं हिंदीत घाईघाईनं विचारलं की बाई कुठे आहेत, घरात आहेत का, अंगावर पांघरूण आहे का.

म्हातारा आनंदानं बोलत होता. घरात कशाला बसेल, तो म्हणाला. कालपासून बर्फ पडतोय आणि तिला किती वर्षांनी तो बघायला मिळतोय. खुर्ची बाहेर अंगणात नेऊन ठेवली आहे, पोरं तिच्या अंगावर बर्फाचे गोळे टाकतायत. थांबा, तिच्याकडे फोन देतो, म्हणत तो हाका मारत बाहेर निघाला, आणि केतकीला दार उघडल्याचा आवाज आला, पोरांच्या हसण्याचा आवाज आला, आणि त्याच्या हाका ऐकू येत राहिल्या, एक, मग आणखी एक, मग जरा मोठ्यानं.